गोदाबाईची बिननंबरी गाडी

रोज सकाळी गाडीच्या चार्जिंगची वायर काढली, की गोदाबाई हँडलवरून एकदा हात फिरवायची, हॉर्न दाबायची आणि विचारायची, "उठलीस का गो?" हॉर्न वाजला म्हणजे गाडी उठली. एरवी ती उठली की झोपली हे कळायला काही मार्गच नव्हता. आजूबाजूच्या गाड्या सुरू होताना खोकायच्या, धूर सोडायच्या, गल्लीभर सांगत सुटायच्या. हिचा आवाजच नाही. "मुकी हाय माजी गारी," गोदाबाई सांगायची. आगरी बोलीत गाडीची गारी होते आणि साडीची सारी. तिच्या तोंडात ती गारी शब्द असा काही घोळायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, गोठ्यात बांधलेल्या एखाद्या गरीब गायीबद्दलच चाललंय.

वरच्या मजल्यावर कणीक मळता मळता तिची सून करिश्मा तो हॉर्न ऐकायची आणि पिठाच्या हातानेच खिडकीशी यायची. तिला एकच गोष्ट बघायची असे. सासूच्या डोक्यावर हेल्मेट आहे ना. असायचं. काळं, जरा मोठंच, खाली हनुवटीला पट्टा. अंगावर जुन्या वळणाचं लुगडं, काष्टा घट्ट मारलेला, पदर कमरेला खोचलेला. मागे दोन्ही बाजूंना भाजीचे क्रेट. खिडकीकडे न बघताच गोदाबाई हात वर करायची आणि मानपाड्याच्या गल्लीतून बिनआवाजी निघून जायची.

ती मूळची दिवा गावाकडची, खाडीच्या काठची. बाप मिठागरावर कामाला. फ्रॉकातली पोर असतानाच तिच्या डोक्यावर मिठाची पाटी आली आणि तेव्हापासून डोकं रिकामं असं फारसं राहिलंच नाही. लग्न होऊन मानपाड्याला आली तेव्हा डोक्यावर भाताचे भारे आले, मग गवताचे, मग भाजीच्या पाट्या. टाळूवर मधोमध केस विरळ झालेली एक वाटोळी जागा होती. तिथे चुंबळ बसायची. करिश्मा कधीकधी सासूच्या डोक्याला तेल लावायची, तेव्हा त्या जागेवर तिचा हात थबकायचा. गुळगुळीत, पायरीच्या मधल्या भागासारखी झिजलेली जागा.

पुढे शेतं गेली. आधी कारखाने आले, मग बिल्डर आले. घराच्या जागी इमारत उभी राहिली आणि सासरे, गोविंदा, फाटकाशी खुर्ची टाकून बसायला लागले. मागच्या बाजूला एक तुकडा तेवढा राहिला. त्यात गोदाबाई भेंडी, लाल माठ, अळू, मुळा लावायची आणि चौकात बसून विकायची. विकायची गरज कुणालाच नव्हती. मुलगा प्रितम रेती-सिमेंटच्या धंद्यात होता, घर व्यवस्थित चाललं होतं.

"आई, लोक मला बोलतात," प्रितम म्हणायचा. "एवढं सगळं असून आईला रस्त्यावर बसवतो म्हनून."

"तू कुठं बसवतंस? मी आपली बसतंय."

"पन कशाला?"

"मंग काय करू? तुज्या बापासारी खुर्चीवर बसून गाऱ्या मोजू?"

फाटकाशी गोविंदा ऐकून न ऐकल्यासारखे करायचे.

मग गोदाबाईची मान धरली. हात बधिर व्हायला लागले. करिश्मा तिला घेऊन ठाण्याला गेली, नौपाड्यात, एका मोठ्या डॉक्टरांकडे. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला, बराच वेळ बघितला आणि विचारलं, "आजी, काय काम करता?"

"भाजी इकतंय."

"डोक्यावर ओझं नेता?"

"डोक्यावर नाय तं कुठं?"

"आता बंद. अजिबात नाही. हातातसुद्धा जड काही नको."

गोदाबाईने जरा विचार केला. "मंग डाक्टर, भेंडी काय चालत येल बाजारात?"

डॉक्टर हसले. करिश्माही हसली. पण घरी आल्यावर गोदाबाई मागच्या तुकड्यात जाऊन भेंडीच्या ओळीत उकिडवी बसली आणि अंधार पडायला आला तरी उठेना. करिश्मा चहा घेऊन गेली तेव्हा ती हळूच म्हणाली, "बाजारात नाय बसलू तं लोक विचारतील, गोदा गेली काय?"

त्या वाक्याने करिश्माला झोप आली नाही. गाडीची कल्पना तिचीच.

दुकानातल्या माणसाने सगळं सोपं करून सांगितलं. नंबर प्लेट नाही. लायसन लागत नाही. पंचवीसच्या वर धावतच नाही. "सायकल समजा, फक्त पाय मारायचे नाहीत." लायसनची परीक्षा म्हटलं असतं तर गोदाबाई तिथूनच परतली असती, अक्षरांशी तिची ओळख सहीपुरती होती. करिश्माने हेल्मेटचं विचारलं, तर तो म्हणाला, "घातलं तर चांगलंच आहे. पण हिला कोणी अडवत नाही." त्याने हे गाडीचा एक जास्तीचा गुण असल्यासारखं सांगितलं. कोणी अडवत नाही.

शिकायला फारसा वेळ लागला नाही. पहिल्या दिवशी गोदाबाई गाडीसकट अळूत गेली आणि चिखलात बसून पोट धरून हसली. पण तोल तिच्या अंगातच होता. खाजणाच्या वीतभर बांधावरून डोक्यावर मीठ घेऊन चाललेल्या बाईला दोन चाकांचं काय अप्रूप.

अट करिश्माने घातली होती. हेल्मेटशिवाय चावी मिळणार नाही. तिचं माहेर शहाडचं. तिचे वडील पुलाच्या उतारावर स्कूटरवरून फेकले गेले होते आणि स्वतःच्या पायांनी घरी आले होते. फुटलेलं हेल्मेट अजून माहेरच्या माळ्यावर होतं. त्या हेल्मेटचा तडा तिने लहानपणी बोटाने चाचपून बघितला होता.

"माज्या डोक्याव जलमभर वजा होता," गोदाबाई म्हणाली. "आता कुठं उतारला, त तू हांडा ठेवतंस?"

"हो. ठेवते."

"गरम होतं गो."

"होऊ दे. मला सासू पाहिजे."

गोदाबाईने सुनेकडे पाहिलं. असं तिला घरात कोणी कधी म्हटलं नव्हतं. तिने हेल्मेट डोक्यात घातलं आणि उलटं घातलं.

पुढे ते तिच्या अंगवळणी पडलं. चौकात पोचली की हेल्मेट काढून उताणं ठेवायची आणि त्यात गावठी कोंबडीची अंडी मांडायची. अंडी घरून यायची क्रेटमध्ये भाताच्या तुसात, पण विकायला हेल्मेटात. कोणी थट्टा केलीच की, "मावशी, हेल्मेट केवढ्याला?" तर ती म्हणायची, "आतल्या डोक्यासकट देन. परवडल का तुला?" दुपारी अंडी संपली की तेच हेल्मेट डोक्यावर चढायचं आणि ती घरी यायची. केसांना कधी तूस चिकटलेलं असायचं. लॅबमधल्या नोकरीवरून दुपारी जेवायला घरी आलेली करिश्मा ते काढून टाकायची.

इतकं सगळं नीट चाललं होतं. पुढे कितीतरी दिवस करिश्मा हेच मनाशी घोळवत राहिली. इतकं नीट चाललं होतं की भीती वाटायचं थांबलं होतं.

क्रेट मात्र घसरायचे. सीटला दोरीने बांधलेले क्रेट दोनदा वाटेत पडले, भेंडी रस्ताभर झाली. मग प्रितम गाडी बंटीच्या गॅरेजला घेऊन गेला आणि संध्याकाळी खूश होऊन परत आला. बंटीने मागे दोन्हीकडे लोखंडी स्टँड बसवला होता. हवा तेव्हा निघतो, हवा तेव्हा लागतो. तो बसेना म्हणून मागचं चाक झाकणारा साडीगार्ड काढला होता. शिवाय गाडीला माल ओढवत नाही म्हणून स्पीडचं लॉकही काढलं होतं. "आता बघ आई, कशी पळते," प्रितम म्हणाला. आईसाठी काहीतरी केल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर होता. बाजारात बसू नको म्हणणारा मुलगा तिच्या क्रेटसाठी लोखंड कापून आणत होता. गोदाबाईने त्याच्या गालावरून हात फिरवला.

मागचं चाक आता उघडं दिसत होतं. करिश्माने ते पाहिलं. पाहिलं आणि कुकर लावायला वर गेली. घाबरण्यासारखं त्यात काही वाटलं नाही. आईंचं लुगडं गुडघ्याला घट्ट, पदर खोचलेला, चाकात जाईल असं त्यांच्या अंगावर काही लोंबतच नव्हतं. आणि मागे तर क्रेटच असायचे.

गोदाबाईबद्दल आणखी एक सांगायला हवं. ती धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात मांडवात धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, म्हणणारी बाई लागते. भटजी असो वा नसो, तिच्या गळ्यातून देवांना बोलावणं गेलं की लग्न लागलं. एरवी भेंडीच्या भावावरून भांडणारी ही बाई मांडवात उभी राहिली की वेगळीच दिसायची. आवाज फार गोड नव्हता. जाड, थोडा चिरलेला, पण न थांबणारा. लग्नसराईत आसपासच्या गावांतून तिला बोलावणी यायची, आणि ज्या घरचं लग्न त्या घरची यजमानीण हळदीच्या सकाळी तिच्याकडे येऊन मानाची साडी द्यायची, तिच्या केसात स्वतःच्या हाताने वेणी माळायची. ही वेणी शेवटचा धवला म्हणून होईपर्यंत उतरवायची नाही, अशी रीत होती.

त्या मे महिन्यात जवळच्या संदप गावात जाईबाईच्या मुलाची हळद होती. जाईबाई ही गोदाबाईची चुलत नणंद. सकाळी स्वतः आली, शेवाळी रंगाची रेशमी सहावारी दिली, अबोली आणि मोगऱ्याची मनगटाएवढी जाड वेणी माळली आणि "वयनी, लवकर या, तुमच्याबगर हलदीला हात नाय लावनार," असं बजावून निघून गेली.

जाईबाईकडचे लोक न्यायला गाडी पाठवणार होते. ती गाडी शिळफाट्याच्या रस्त्यावर अडकली. पुढे काम चाललं होतं आणि वाहनं इंजिनं बंद करून उभी होती. प्रितमने रिक्षासाठी फोन केले. एकही यायला तयार नव्हती. जाईबाईचा फोन आला, मग पुन्हा आला. बायका हळद वाटून बसल्या होत्या.

"आतल्या रस्त्याने स्कूटर जाईल," प्रितम म्हणाला. "करिश्मा, तू सोड ना. मी मागून बाबांना घेऊन येतो." त्याने क्रेटचा स्टँड दोन नट फिरवून काढून ठेवला, म्हणजे आईला नीट बसता येईल.

गोदाबाई सहावारीत चालताना अवघडत होती. निऱ्या पायात येत होत्या, रेशमी पदर खांद्यावर टिकत नव्हता. ती सीटवर एका बाजूला पाय सोडून बसली. लुगड्यात ती कधी अशी बसली नसती.

"आई, हेल्मेट."

"येनीवर?"

"वेणी काढून पिशवीत ठेवा. तिथे पोचलो की मी परत माळते."

गोदाबाई हसलीही नाही, चिडलीही नाही. "जाईबाईन हातान घातलीय. मान काय पिशवीत घालतान काय?"

"मग नको जाऊ या स्कूटरवर. थोडं थांबू."

पुन्हा फोन वाजला. फाटकाच्या खुर्चीवरून गोविंदा म्हणाले, "जवल तं हाय. हलू जा."

चावी करिश्माच्या हातात होती. हे तिला नंतर फार आठवलं. चावी तिच्याच हातात होती, तिने ठरवलं असतं तर कोणी हिसकावून घेतली नसती. पण उन्हात उभी असलेली ती बाई इतकी सुरेख दिसत होती. आयुष्यभर ओझं वाहिलेल्या डोक्यावर त्या दिवशी फक्त फुलं होती.

"आजच्या दिवस हं," करिश्मा म्हणाली. स्वतःचं हेल्मेट मात्र तिने घातलं. सवयीने.

आतला रस्ता नवा, सिमेंटचा, दुतर्फा अर्धवट इमारती. गाडी सुरळीत चालली होती. गोदाबाईने एक हात सुनेच्या कमरेला धरला होता आणि दुसऱ्या हाताने वेणी सांभाळली होती. पदर सांभाळायला तिसरा हात नव्हता. मागून एका मोटारसायकलवाल्याने ओरडून काहीतरी सांगितलं. करिश्माने "ओ ताई" एवढंच ऐकलं आणि सवयीने खाली साइड स्टँडकडे पाहिलं. स्टँड वर होता. ती पुढे निघाली.

मग गाडी जड झाली.

पेट्रोलच्या गाडीने कुरकुर केली असती. इंजिन घरघरलं असतं, काहीतरी कळलं असतं. ही गाडी नुसतीच जड झाली, कोणीतरी मागून हलकेच धरून ठेवल्यासारखी. करिश्माला वाटलं, बॅटरी उतरली. आदल्या रात्री चार्जिंगला लावली नव्हती, हे तिला आठवलं. तिने मूठ आणखी पिळली. गाडीत आता जोर होता. बंटीने लॉक काढलेलं होतं.

कमरेवरचा हात सुटला. तिला धक्कासुद्धा नीट लागला नाही. गाडी एकदम थांबली आणि ती गाडीवरच, जमिनीला दोन्ही पाय टेकून उभी होती. गाडी पडली नव्हती. ती पडली नव्हती. तिने मान वळवली तर मागच्या सीटवर कोणी नव्हतं. शेवाळी रंगाचा एक ताठ पीळ सीटवरून खाली चाकात गेला होता, दोरखंडासारखा. आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला, रस्त्यावर, गोदाबाई उताणी पडली होती.

करिश्माने गाडी तशीच सोडून दिली. पुढचं तिला तुकड्यातुकड्यांत आठवतं. समोरच्या टपरीवरचा माणूस कात्री घेऊन धावत आला. त्याने पदर कापला. रेशीम चटकन कापलं जात नव्हतं. एका बाईने पाणी आणलं. सगळ्यांनी मिळून गोदाबाईला रस्त्याच्या कडेला, इमारतीच्या सावलीत बसवलं. तिने डोळे उघडले. ती पाणी प्यायली. ती बोलली. एवढा घोळका बघून तिला संकोच वाटला आणि तिने उरलेला पदर पुढे ओढून घेतला. टपरीवाला म्हणाला, "काही नाही झालं, देवाची कृपा." करिश्मा रडता रडता हसायला लागली.

रक्त दिसलंच नाही. वेणी इतकी जाड होती, अबोलीचा रंग इतका तांबूस होता, की रक्त फुलांतच मुरत राहिलं. जे दिसलं ते कुणाला रक्त वाटलं नाही.

थोड्या वेळाने गोदाबाईने सुनेच्या खांद्यावर मान टाकली. करिश्माला वाटलं, दमल्या. मग गोदाबाईला उलटी झाली. मग तिला हाक ऐकू येईना.

हॉस्पिटलात नर्सने वेणी कापून काढली तेव्हा कुठे सगळं दिसलं. डॉक्टर प्रितमला बाजूला घेऊन बोलत होते, आणि करिश्मा भिंतीला टेकून उभी होती. तिच्या हातात अजून स्वतःचं हेल्मेट होतं. त्याला ओरखडाही नव्हता. ते कुठे ठेवावं हे तिला कळेना. बाकड्यावर ठेवलं, परत उचललं, शेवटी पाठीमागे धरून उभी राहिली, कुणाला दिसू नये म्हणून.

जाईबाई तशीच आली, हातांना ओली हळद. संदपला स्पीकर बंद केले होते. नवरामुलगा पाटावरून उठून गेला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी गोदाबाई गेली.

ज्या बाईने खाडी, चिखल, साप, बाळंतपणं, उन्हाळे पावसाळे पार केले, ती घराजवळच्या रस्त्यावर, सायकलीच्या वेगाने चाललेल्या गाडीवरून पडून गेली. हे करिश्माच्या डोक्यात शिरतच नव्हतं. माणसं येत होती, रडत होती, आणि ती मनात हिशोब जुळवत होती की, एवढ्याने कसं? एवढ्याने माणूस कसं जाईल?

पोलिस आले. हवालदार वयस्क होता, मवाळ बोलणारा.

"गाडी नंबर?"

"नाही," प्रितम म्हणाला.

"लायसन?"

"लागत नाही."

"बरं. चालवत कोण होतं?"

"मी," करिश्मा म्हणाली.

हवालदार खाली बसून मागचं चाक बघत राहिला. चाकाच्या मधोमध रेशमाचा एक तुकडा अजून घट्ट गुंडाळलेला होता. "इथं गार्ड असतो," तो म्हणाला. "कुठंय?"

करिश्माने प्रितमकडे पाहिलं. प्रितम जमिनीकडे पाहत होता. तिने नजर काढून घेतली आणि म्हणाली, "घरी आहे. काढून ठेवलाय." घरी नव्हता.

तो आणायला ती एकटी बंटीच्या गॅरेजला गेली. बंटी तिला बघून उभा राहिला, हात पुसत राहिला. तिने गार्ड मागितला. त्याने मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. भिंतीवर एक गार्ड नव्हता. खिळ्याखिळ्याला लटकवलेले होते, जाळीचे, सळ्यांचे, काळे, चंदेरी, काहींवरचं प्लॅस्टिकही निघालेलं नव्हतं. एवढ्या गाड्या. एवढ्या गाड्या उघड्या चाकांनी बाहेर फिरत होत्या, मागे कोणाची आई, कोणाची बायको बसलेली.

"सगळेच काढायला लावतात वहिनी," बंटी म्हणाला. "खडखडतो, धुवायला अडचण होते, बॅग लागत नाय. मी बोलतो राहू द्या. कोण ऐकतंय."

"मग काढू नको ना."

"मी नाय काढला तर पुढचा काढेल."

गार्ड घेऊन ती बाहेर पडली. रस्त्यावरून एक बाई स्कूटरच्या मागे बसून गेली, हिरवी ओढणी चाकापासून चार बोटांवर उडत होती. करिश्मा ओरडली. ओरडताना आपला आवाज एवढा मोठा असल्याचं तिला पहिल्यांदाच कळलं. स्कूटरवाल्याने वळून पाहिलं, आपला स्टँड तपासला आणि निघून गेला.

पदर चाकात गेला, हे सगळ्यांना माहीत होतं. गाडी जड झाल्यावर आपण मूठ आणखी पिळली, हे कोणालाच माहीत नव्हतं. प्रितमला सांगायला ती तीनदा गेली आणि तीनदा दुसरंच काहीतरी बोलून आली. तो आधीच गार्डच्या ओझ्याखाली वाकला होता. रात्री अंगणात जाऊन तो स्टँडचं लोखंड हातात घेऊन बसायचा.

शेवटी तिने गोविंदांना सांगितलं. फाटकाशी, त्यांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसून. "बाबा, गाडी ओढेना तेव्हा मी थांबायला पाहिजे होतं. मला वाटलं बॅटरी गेली. मी जोर दिला."

गोविंदा रस्त्याकडे बघत होते. ते कधी फार बोलत नसत. घरातलं सगळं बोलणं बायकोच्या वाट्याला होतं.

"चिखलान नांगर अरला," ते म्हणाले, "त आपुन बैलालाच मारतो. मागं वलून कोन बगतं, दगर हाय का काय." पुढे म्हणाले, "मीच बोललू, जवल हाय, जा."

मग ते रडले. करिश्माने त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. त्यांच्या खुर्चीच्या हाताला धरून ती तशीच बसून राहिली.

तेराव्याला गावोगावच्या बायका आल्या. ज्यांची लग्नं गोदाबाईच्या आवाजाने लागली होती त्या, आणि त्यांच्या मुलीसुना. प्रत्येकीने करिश्माला जवळ घेतलं आणि फिरून फिरून तेच विचारलं. "शेवटची काय बोलली गो? तुज्या मांडीवर होती ना. काय बोलली?" त्यांना वाटत होतं, धवलारीण गेली, तर जाताना देवाचं नाव घेतलं असेल, एखाद्या धवल्याची ओळ म्हटली असेल, मुलाला काही सांगितलं असेल. जाईबाई तर हात जोडून म्हणाली, "माज्या पोराच्या लग्नाचा काय बोलली का? नाराज व्हती का?"

"नाही, नाराज नव्हत्या," करिश्मा म्हणाली. तेवढंच सांगितलं. बाकीचं तिच्या तोंडून निघेना. सांगितलं असतं तर बायकांना खरंही वाटलं नसतं.

त्या दिवशी गोदाबाई इमारतीच्या सावलीत बसली होती. पाणी पिऊन झालं होतं. भोवती माणसं वाकली होती, कोणी वारा घालत होतं, कोणी रिक्षा बघायला धावलं होतं. करिश्मा समोर उभी राहून रडत, हसत, "आई, दुखतंय का, कुठे लागलं, सांगा ना," असं विचारत होती. गोदाबाई तिच्या तोंडाकडे बघतच नव्हती. ती खाली, सुनेच्या पायांकडे बघत होती. धावताना करिश्माची एक चप्पल रस्त्यात राहिली होती आणि ती एका पायाने अनवाणी, तापलेल्या सिमेंटवर उभी होती. ते तिला स्वतःला कळलंही नव्हतं.

"तुजी दुसरी चप्पल कुठं हाय गो?" गोदाबाई म्हणाली. "जा, घालून ये आधी. पाय भाजल."